माजी सरपंच, आजी सल्लागार

शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याकडून काशीदला ज्या गाड्या येतात, त्या सगळ्याच समुद्रासाठी येत नाहीत. काही गाड्या किनाऱ्यापाशी थांबतच नाहीत, आतल्या वाडीकडे वळतात. पुढच्या सीटवर गावातलाच एक माणूस बसलेला असतो. कुंपण कुठे संपतं, वाट कुणाच्या बागेतून जाते, मे महिन्यात विहिरीला पाणी टिकतं का, सातबाऱ्यावर किती नावं आहेत, त्यांतली किती मुंबईला आहेत आणि सही द्यायला कोणती बहीण तयार नाही, हे सगळं त्याला पाठ असतं. साळावचा पूल ओलांडला की मुरुडपर्यंत कुठल्याही गावात हा माणूस भेटेल. कार्डावर ‘सल्लागार’ असं छापलेलं असतं. आणि पुष्कळदा तो माजी सरपंच, माजी उपसरपंच, नाहीतर पंचायत समितीचा माजी सदस्य असतो.

त्याला दलाल म्हणून मोकळं होणं सोपं आहे. गावात तसं म्हणतातही, त्याच्या पाठीमागे. पण तो या धंद्यात कसा आला हे कुणी विचारत नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे. पाच वर्षं गावाने त्याला कारभार शिकवला, गावाच्या पैशाने शिकवला, आणि तो शिकून तयार झाला त्या दिवशी त्याला घरी बसवलं. आता ते शिक्षण जो पैसे मोजेल त्याच्या कामी येतं.

सरपंचाला मिळत काय होतं ते बघा. सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने मानधन दुप्पट केलं. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाला आता महिन्याला 6,000 रुपये मिळतात. त्याआधी 3,000 मिळत होते. एवढ्यावर त्याने तालुक्याला खेपा घालायच्या, पाहुण्यांचा चहा करायचा, गावात मयत झाली तर सगळ्यांत आधी पोचायचं, रात्री पंप बंद पडला तर उठून जायचं. एवढं करून टर्म संपते तेव्हा सरपंचपदाची सोडत निघते आणि आरक्षण बदलतं. हे योग्यच आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना चावडीवर बसायला मिळालं नाही, त्यांना खुर्ची मिळाली ती याच सोडतीमुळे. निवडणुकीची रीतही सरकारांनी खेळण्यासारखी फिरवली: 2017 मध्ये सरपंच थेट जनतेतून, 2020 मध्ये पुन्हा सदस्यांतून, 2022 मध्ये परत जनतेतून. या सगळ्याचा परिणाम असा की गावपातळीवरच्या राजकारण्याला सलग कारकीर्द अशी उरत नाही. आमदाराला एका टर्मनंतरही निवृत्तिवेतन आहे. सरपंचाला काय आहे? शाल, श्रीफळ आणि तोंडओळखी.

तोंडओळखीचं भांडवल मात्र मोठं असतं. त्याच्या हातातली प्लास्टिकची फाईल एकदा नीट उघडून बघावी. वरती गावनकाशाची घड्या पडून फाटलेली प्रत, सेलोटेपने सांधलेली. खाली सातबारे, आठ-अचे उतारे, दोन-तीन जुने फेरफार, मोजणीची ‘क’ प्रत, कुणाचं तरी वारस नोंदीचं प्रतिज्ञापत्र. एका कोपऱ्यात पेन्सिलीने भरतीरेषा काढलेली आणि तिच्यापासून आत मीटरचे आकडे. ही पेन्सिलीची रेघ म्हणजे लाखांचा व्यवहार आहे. 18 जानेवारी 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक दाटी असलेल्या गावांना भरतीरेषेपासून 50 मीटर बांधकाम नाही, बाकीच्यांना 200 मीटर नाही. आपली जमीन नकाशावर कुठल्या रंगात आणि रेघेच्या आत की बाहेर, हे कळलं की गुंठ्याचा भाव ठरतो. कूळकायद्याची जमीन असेल तर आणखी एक किल्ली लागते. 2014 च्या दुरुस्तीनंतर, खरेदीचं प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं उलटली असतील, तर शेतसाऱ्याच्या चाळीस पट रक्कम सरकारात भरायची आणि विक्रीला परवानगी मागत बसायचं नाही. शेतसारा मुळात काही रुपयांचा, त्याची चाळीस पट म्हणजे एका जेवणाचा खर्च. हे मुंबईच्या ग्राहकाला माहीत नसतं. माजी सरपंचाला माहीत असतं. म्हणून तो सल्लागार.

आता त्याच किनाऱ्यावरची दुसरी बाजू घ्या. सुरूच्या बनात झापांचा आडोसा करून एक बाई शहाळी, भजी आणि सोलकढी विकते. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा इथली सुरूची झाडं ओळीने आडवी झाली आणि तिच्यासारख्यांची छपरं उडाली. त्याच वर्षी राज्याने चौपाटीवरच्या कुट्यांचं, ज्याला सगळे बीच शॅक म्हणतात त्याचं, धोरण आणलं. प्रायोगिक म्हणून आठ किनारे निवडले. रायगडातले दोन, वरसोली आणि दिवेआगर. काशीद त्यात नव्हतं. मग तिचं छप्पर नियमात बसतं की नाही? बसत नसेल तर अर्ज कुणाकडे करायचा? तात्पुरता निवारा भरतीरेषेपासून किती दूर उभा करायचा? हे तिला सांगणारा माणूस गावात आहे. फाईल घेऊन शंभर पावलांवर उभा आहे. ती फी देऊ शकत नाही एवढंच. ज्या अधिसूचनेचं पान आणि कलम बंगलेवाल्याला तोंडपाठ म्हणून दाखवलं जातं, ते पान तिच्यासाठी कुणी उघडत नाही. माझा राग आहे तो या शंभर पावलांवर.

आणि हा रायगड जिल्हा आहे, हे विसरू नये. इथून काही कोसांवर, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात 1933 च्या ऑक्टोबरात कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. नारायण नागू पाटील पुढे होते, बाबासाहेब आंबेडकर पाठीशी होते. 1939 पर्यंत लोकांनी भात पेरलं नाही. डोंगरातली लाकडं विकून, मासे मारून दिवस काढले, पण निम्मं पीक खोताला देण्याच्या अर्धेलीपुढे मान तुकवली नाही. काशीद तेव्हा त्या मुलखात नव्हतं, जंजिऱ्याच्या नवाबाच्या संस्थानात होतं, थेट 1948 पर्यंत. तरी पुढे 1 एप्रिल 1957 ला कसेल त्याची जमीन झाली ती दोन्हीकडच्या कुळांची. त्या लढ्यातला कार्यकर्ता गावोगाव फिरून अडाणी कुळाला कागद वाचून दाखवायचा. कब्जेगहाण म्हणजे काय, कबुलायतीवर अंगठा देऊ नको, पावती मागून घे, हे सांगायचा. म्हणजे सल्लागारच होता तो. त्याच्या सल्ल्याने जमीन कुळाकडे आली. आजच्या सल्ल्याने ती चाललीय.

एक गोष्ट आणखी बोचते. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. म्हणजे माजी सरपंचांत निम्म्या बायका असायला हव्यात, आणि आहेतही. मग सल्लागार बायका कुठे आहेत? पाच वर्षं तिने सह्या केल्या, ग्रामसभेत पाण्यावरून शिव्या खाल्ल्या, टँकरच्या नोंदी ठेवल्या. टर्म संपली की ती परत चुलीपाशी आणि कार्ड छापलं जातं नवऱ्याचं. त्याच्या बोलण्यातही ‘आम्ही सरपंच असताना’ असंच येतं. गावाने खर्च करून जिला शिकवलं तिचं शिक्षण विकलंही जात नाही, ते सरळ पुसलंच जातं.

जमिनीचं दुकान झालं. दुसरं दुकान व्यासपीठाचं. तिथे माल निराळा आहे आणि दुकानदारही पुष्कळदा मोठ्या मनाचे आहेत, म्हणून तिथे जपून बोललं पाहिजे.

संभाजीनगरजवळच्या पाटोद्याचे भास्करराव पेरे पाटील महाराष्ट्रभर व्याख्यानं देत हिंडतात. मला त्यांचं बोलणं आवडतं. मराठवाडी रांगडी भाषा, ‘अहो’-‘जाहो’चा सोस नाही, समोर आमदार बसलेला असला तरी जीभ अडखळत नाही. पाणी, झाडं, स्वच्छता, शाळा आणि म्हाताऱ्यांची काळजी, एवढेच विषय. पण त्यांच्या बोलण्याला वजन आलं ते विनोदामुळे नाही. पाटोद्यात ज्याने ग्रामपंचायतीचा कर भरला त्याला वर्षभर दळण मोफत. जोंधळ्याचं गाठोडं घेऊन बाई गिरणीवर जाते, कर भरलेला असतो, पीठ घेऊन घरी येते. कर भरणं ही सरकारची कटकट न राहता रोजच्या भाकरीशी जोडली गेली. हा अर्थकारणातला विचार आहे, आणि तो शहरातल्या कुठल्याही व्यवस्थापन संस्थेतल्या प्राध्यापकाने सुचवलेला नाही. पैसा आधी गावाने भरायचा, मग त्याचं मोल गावाला रोज डोळ्यांनी दिसायचं.

त्यांच्या सभेला रायगडातून, रत्नागिरीतून सरपंच जातात. पोट धरून हसतात, टाळ्या वाजवतात, व्हिडिओ काढून गटावर टाकतात. आणि गावी परतल्यावर घरपट्टीच्या थकबाकीला हात लावत नाहीत, कारण थकबाकीदारांत भावकी असते. हे पेरे पाटलांचं अपयश नव्हे. पण व्याख्यान या प्रकाराची हद्द इथे दिसते. त्यांच्याच गावात जानेवारी 2021 च्या निवडणुकीत त्यांची मुलगी हरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मोठ्या आनंदाने मथळे सजवले. मला त्यात आनंद मानण्यासारखं काही वाटलं नाही. पाटोद्याच्या मतदाराने पाटोद्यापुरता निकाल दिला. गिरणी चुकीची ठरत नाही त्याने, कराची पद्धत चुकीची ठरत नाही. उलट ज्या गावात एवढं काम झालं तिथेही मतदार कुणाचा बांधील नाही, ही गोष्ट अभिमानाची आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे पोपटराव पवार हे दुसरे. शिकलेला, क्रिकेट खेळणारा, एम.कॉम. झालेला पोरगा 1989 मध्ये गावाने सरपंच म्हणून निवडला. जिथे सरकारी माणसाची बदली शिक्षा म्हणून व्हायची, असं ते गाव. पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास. तिथे त्यांनी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी केली, शेतीसाठी बोअर पाडायची नाही आणि ऊस लावायचा नाही असं ठरवलं, आणि दरवर्षी पाण्याचा जमाखर्च गावापुढे मांडायला सुरुवात केली. पुढे ते राज्याच्या आदर्श गाव समितीचे कार्याध्यक्ष झाले, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. गावपातळीवरचा राजकारणी सल्लागार झाला तर कसा असावा याचं उत्तर इथे आहे. त्यांच्या सल्ल्यामागे एक वही आहे, ती आधी स्वतःच्या गावात भरलेली आहे.

काशीदच्या लोकांनी हिवरे बाजारची एकच गोष्ट नीट पाहावी. पाणलोटाचे बंधारे इथे तितके उपयोगाचे नाहीत, आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि समुद्राला मिळतो, त्याचं गणित वेगळं. पाहावा तो तिथला जमिनीचा ठराव: गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही. असा ठराव कायद्याने खरेदीखत अडवू शकत नाही. दुय्यम निबंधकाच्या टेबलावर त्याला किंमत नाही. अडवते ती गावाची भीड. आणि तो ठराव टिकला कारण गावाचा सर्वांत हुशार माणूस विकणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभा राहिला नाही. आमच्या किनाऱ्यावर सर्वांत हुशार माणूस नेमका तिथेच उभा आहे.

बाहेरच्या जगातही सल्ल्याचं दुकान जोरात चालतं. रुडी जुलियानी 1994 ते 2001 न्यूयॉर्कचे महापौर होते. पद सुटल्यावर, 2002 च्या सुरुवातीला, त्यांनी सल्लागार कंपनी काढली, एकेका भाषणाला डोळे फिरावेत असे पैसे घेतले. मेक्सिको सिटीतल्या उद्योगपतींनी गुन्हेगारी कशी कमी करावी हे सांगायला त्यांना 43 लाख डॉलर दिले. उत्तर म्हणून 146 शिफारशींचा अहवाल आला. मेक्सिको सिटीच्या गल्ल्या, तिथले पोलीस, तिथली गरिबी यांचा न्यूयॉर्कशी संबंध काय, हे अहवालाच्या आधी विचारायला हवं होतं. याच जुलियानींची वकिलीची सनद 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रद्द केली. एका शहराचा कारभार केला म्हणून माणूस सगळ्या शहरांचा वैद्य होत नाही. तीच गोष्ट आपल्याकडे रिसॉर्टच्या हॉलमध्ये कंपनीच्या पोरांना ‘नेतृत्व’ शिकवणाऱ्या माजी पदाधिकाऱ्यांची. कारभार केला असेल तर आधी त्या गावाचा हिशेब समोर ठेवा.

काशीदला खरंच सल्लागार हवा आहे, आणि त्याचं काम भाषणाचं नाही. नमुना नंबर आठ नावाची वही असते, कर आकारणीची. कुणाचं घर, किती बांधकाम, कशाचं बांधकाम, कर किती. दर चार वर्षांनी ही आकारणी नव्याने करायची असते. किनारपट्टीवर जुन्या कौलारू घराच्या जागी तरणतलावाचा बंगला उभा राहतो आणि वहीत कौलारू घरच राहू शकतं, कारण फेरआकारणीला निघायचं तर बंगलेवाल्याशी आणि त्याला जमीन मिळवून देणाऱ्याशी वाकडं घ्यावं लागतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 मध्ये दुकानं आणि हॉटेलं चालवण्यावरचा कर आहे, यात्रेकरूंवरचा कर आहे. हे अधिकार कसे वापरायचे, दर किती ठेवायचे, पावत्या कशा फाडायच्या, हिशेब फलकावर कसा लावायचा, हे शिकवायला माजी सरपंचाहून लायक कोण? त्याने ते केलंय. कुठे गळती होते हेही त्याला ठाऊक आहे.

शनिवार-रविवारच्या गर्दीने रस्ता, कचरा, पाणी यांवर जो ताण येतो तो काशीदचे लोक सोसतात. जुलै 2021 च्या पावसात काशीदजवळचा जुना पूल कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला. पूल काही ग्रामपंचायतीचा नव्हता. पण ‘हा पूल धोक्याचा आहे’ असं लेखी कळवायचं, पोच घ्यायची, उत्तर आलं नाही तर वरच्याकडे जायचं, ही चिकाटी कारभाराच्या अनुभवातून येते. नव्या सरपंचाला ती यायला तीन वर्षं लागतात, तेवढ्यात त्याची टर्म सरत येते.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे. सरपंचाला टर्म संपल्यावर वर्षभर ग्रामनिधीतून मानधन द्या, आणि त्याबदल्यात त्याने नव्या मंडळींना दप्तर शिकवावं. बाई असेल तर मानधन तिच्या नावावर, तिच्या खात्यात, आणि शिकवायला तीच बसेल. दुसरं म्हणजे ज्या गावाचा कारभार केला त्या गावातल्या जमिनीच्या व्यवहारात पाच वर्षं मध्यस्थी नाही. आयएएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खासगी कंपनीची नोकरी धरायची असेल तर सरकारची परवानगी घ्यावी लागते. गावाचा नकाशा ज्याच्या डोक्यात आहे त्याला मात्र खुर्ची सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीच्या पुढच्या सीटवर बसता येतं. कुणी म्हणेल पोटावर पाय देता. नाही, म्हणून तर आधी मानधन मागितलं.

कायदा बदलायला विधानसभा लागेल, वेळ लागेल. सुरुवात करायला ती लागत नाही. ग्रामसभेला सात दिवसांची नोटीस लागते आणि मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल तेवढे लोक लागतात. काशीदच्या पुढच्या ग्रामसभेच्या नोटिशीवर दोन विषय घाला. विषय क्रमांक एक, नमुना आठचं पहिल्या पानापासून जाहीर वाचन, आणि वाचायला गावातले हयात असलेले सगळे माजी सरपंच, बाया धरून. विषय क्रमांक दोन, किनाऱ्यावर धंदा करणाऱ्यांना 2019 ची अधिसूचना मराठीत समजावून सांगणे, फी न घेता.